केमोनंतरचा फोटो

केमोनंतरचा स्कॅन वाचायला मला आवडत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे तर सोपं काम. गाठ कुठे होती ते ठाऊक आहे, जुना स्कॅन शेजारच्या स्क्रीनवर उघडा आहे, दोन्ही ताडून बघायचे आणि गेली की राहिली ते लिहून टाकायचं. फुप्फुसातल्या गाठीचं पुष्कळदा तसं असतंही. मोजपट्टी लावली, चार सेंटिमीटरची दीड झाली, पुढचा पेशंट. लघवीच्या पिशवीचं मात्र तसं नाही. तिथे ऑपरेशनच्या आधी केमो दिली की चित्र बदलतं, पण ते कशाने बदललं हे चित्रात लिहिलेलं नसतं. आणि काचेपलीकडे मुलगा किंवा सून उभी असते. ‘मॅडम, गेली का गाठ?’

मी सांगली-मिरज भागात रेडिओलॉजिस्ट आहे. आमच्याकडे सातारा-सोलापूरपासून पार कर्नाटकातल्या चिकोडी-अथणीपर्यंतचे पेशंट येतात. मूत्राशयाच्या कॅन्सरचे बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात. लघवी लाल झाली, दुखलं काहीच नाही, उष्णता असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी प्यायलं, सब्जा खाल्ला, लघवी साफ झाली. मग चार-सहा महिन्यांनी पुन्हा लाल. न दुखता रक्त जाणं हे दुखून जाण्यापेक्षा जास्त काळजीचं, हे अजून कुणाला पटत नाही. बिडी-सिगारेटने फुप्फुस खराब होतं हे शाळकरी पोराला माहीत असतं, पण या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या केसेसना धूम्रपानच कारणीभूत असतं, हे ओढणाऱ्यालाही माहीत नसतं. धुरातली विषं रक्तात जातात, मूत्रपिंड ती गाळतं आणि मग ती पिशवीत तासन् तास साठून राहतात.

पिशवीची भिंत म्हणजे आतून अस्तर, त्याखाली एक सैल पातळ थर, मग स्नायू आणि बाहेर चरबी. पिशवी नीट भरलेली असेल तर ही अख्खी भिंत जेमतेम तीन मिलिमीटर भरते. कॅन्सर अस्तरात सुरू होतो. तो स्नायूच्या अलीकडे असेल तर दुर्बिणीतून खरवडून आणि पिशवीत औषध सोडून वर्षानुवर्षं सांभाळता येतो. स्नायूत शिरला की हिशेब पार बदलतो. मग पिशवीच काढायची, आतड्याचा एक तुकडा घेऊन लघवीला पोटावर नवी वाट करून द्यायची आणि तिथे बाहेरून पिशवी लावायची. एका आजींनी सर्जनला विचारलं होतं, ‘तीच धुऊन परत लावणार का?’ सर्जन हसला नाही. त्याने कागद घेतला आणि चित्र काढून दाखवलं. तेव्हापासून हा माणूस मला आवडतो.

म्हणजे सगळा खेळ त्या तीन मिलिमीटरचा. हे एवढं अंतर ओलांडलं की नाही, यावर माणसाचं उरलेलं आयुष्य ठरतं.

ऑपरेशनच्या आधी केमो कशाला, हा प्रश्न घरचे विचारतातच. काढायचीच आहे तर लवकर काढा, सहा वेळा सुया टोचून काय होणार? कारण असं, की स्नायूत शिरलेला कॅन्सर निदान होईपर्यंत बऱ्याचदा पिशवीबाहेर पडलेला असतो, फक्त कुठल्याही स्कॅनवर दिसण्याइतका मोठा झालेला नसतो. त्याला गाठायचं तर औषध रक्तातून जायला हवं. मुख्य औषध सिस्प्लॅटिन. ते मूत्रपिंडाला जड, त्यासाठी पेशंट धडधाकट लागतो, आणि एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर पुष्कळांची ते सोसायची ताकद उरत नाही. म्हणून आधी. अमेरिकेत झालेल्या, २००३ साली छापून आलेल्या एका मोठ्या चाचणीत तीनशेच्या वर रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला नुसतं ऑपरेशन, दुसऱ्याला आधी केमो. नुसत्या ऑपरेशनवाल्यांचं मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे जण ज्याच्या पुढे जगले तो काळ, ४६ महिने निघालं, आधी केमो घेतलेल्यांचं ७७.

त्याच चाचणीतला दुसरा आकडा माझ्या कामाचा. काढलेली पिशवी तपासली तेव्हा केमो घेतलेल्यांपैकी ३८ टक्के जणांच्या पिशवीत कॅन्सरचा मागमूसही सापडला नाही. हा आकडा सगळे सांगतात. त्याच्या शेजारचा कुणी सांगत नाही. केमो न घेतलेल्यांपैकीही १५ टक्क्यांच्या पिशवीत काही सापडलं नव्हतं. त्यांना तर एक थेंब औषध मिळालेलं नव्हतं. मग त्यांची गाठ गेली कुठे? ती निदानाच्या वेळीच दुर्बिणीतून निघाली होती, मुळासकट. निदान करण्यासाठी जी खरवड केली, तीच त्यांची शस्त्रक्रिया ठरली.

आता माझी अडचण लक्षात येईल. माझ्यासमोर केमोनंतरचा स्कॅन येतो तेव्हा त्या भिंतीवर आधीच दोघांनी काम केलेलं असतं. सर्जनने विजेच्या तारेने खरवडलेलं, त्याची सूज आणि व्रण. मग औषधाने मारलेल्या पेशी, त्या उचलून न्यायला आलेली सूज आणि नंतर तिथे भरत गेलेला घट्ट तंतूंचा व्रण. या सगळ्याने भिंत जाड होते. जिवंत कॅन्सरनेही भिंत जाडच होते. सीटी स्कॅनला जाडी दिसते, आणि जाडीपलीकडे फारसं काही दिसत नाही. नवा गिलावा केलेल्या भिंतीला हात लावून बघावं तसं ते असतं. गळती थांबली नाही, की गिलावाच अजून सुकायचाय?

उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. भिंत अगदी सरळ, पातळ, कुठे काही नाही. आणि अस्तरात सपाट पसरलेला कॅन्सर बसलेला असतो, ज्याला जाडीच नाही. तो सीटीला दिसत नाही, एमआरआयलाही सहसा दिसत नाही. दुर्बिणीतून बघणाऱ्याला कधी लालसर मखमलीसारखा डाग दिसतो, कधी तोही नाही.

एमआरआय बराच पुढे आहे, हे मान्य करते. त्यात पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपता येते. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने असतात, त्यांच्यातून पाण्याला नीट फिरता येत नाही, म्हणून ती जागा त्या चित्रात पांढरी चमकते. जुना व्रण काळा राहतो. सूज वेगळी दिसते. २०१८ साली या तपासणीसाठी व्हाय-रॅड्स नावाची पद्धत ठरली. एक ते पाच गुण द्यायचे, एक म्हणजे स्नायूत शिरला असण्याची शक्यता अगदी कमी, पाच म्हणजे अगदी जास्त. तीन म्हणजे सांगता येत नाही, आणि हे त्यांनी अधिकृतपणे लिहून ठेवलं याचा मला फार आधार वाटतो. पण ही पद्धत केमो न झालेल्या पिशवीसाठी होती. केमोनंतरच्या स्कॅनसाठी वेगळी आवृत्ती काही वर्षांनी पुढे आली. तिचा गाभाच असा की आधीचा एमआरआय आणि नंतरचा एमआरआय शेजारी ठेवून बघायचं.

आधीचा एमआरआय! आमच्याकडे येणाऱ्या पेशंटची आधी सोनोग्राफी होते, मग थेट दुर्बीण. गाठ खरवडून झाली, तपासणीत स्नायूत शिरलेला कॅन्सर आला, की मग सगळ्यांना स्कॅनची आठवण येते. म्हणजे माझा ‘आधीचा’ स्कॅन हा गाठ काढल्यानंतरचा असतो, खरवडल्याची सूज असलेला, आणि पैशांच्या ओढाताणीमुळे बहुतेकदा नुसता सीटी. केमो लागू पडली का हे मी कशाशी ताडून सांगू? गाठीचा पहिला चेहरा मी पाहिलेलाच नाही. इथे दोष कुणाला द्यावा हे कळत नाही. लाल लघवी घेऊन आलेल्या माणसाला दुर्बिणीच्या आधी आणखी काही हजारांची तपासणी सांगायची, तीही गाठ स्नायूपर्यंत न गेलेली निघण्याची शक्यता मोठी असताना, हे सर्जनच्याही जिवावर येतं.

तपासणीच्या टेबलावर काय होतं तेही सांगायला हवं, कारण संशोधनाच्या निबंधात ते नसतं. पिशवी मध्यम भरलेली लागते. रिकामी असली तर भिंत चुण्या पडून जाड दिसते, फार ताणली तर बारीक उंचवटा सपाट होऊन जातो. आता केमोची सायकल, म्हणजे औषधाची एक फेरी, संपवून आलेले काका, आधीच दुर्बिणीने हुळहुळी झालेली पिशवी. त्यांना आम्ही सांगतो, पाणी प्या, लघवी धरून ठेवा आणि अर्धा तास त्या नळीत हलू नका. आतडं स्थिर राहावं म्हणून एक इंजेक्शन देतो. दहाव्या मिनिटाला रबरी फुगा दाबून बेल वाजते. ‘मॅडम, सुटतंय.’ बाहेर काढायचं, बाथरूमला न्यायचं, पुन्हा पाणी, पुन्हा वाट. एकदा एका काकांनी बेल वाजवलीच नाही. लाजेने दात-ओठ खाऊन पडून राहिले, आणि सगळ्या चित्रांत पोट हललेलं. त्या चित्रांतून चार मिलिमीटरच्या खवल्याबद्दल मत द्यायचं होतं. मी त्यांना दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. सुनेने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीटर फिरवायला बोलावतेय. दुसऱ्या वेळेचे पैसे घेतले नाहीत.

आणि कॉन्ट्रास्टचं औषध, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून द्यायचं ते. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंड थकलेलं असतं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वर सरकलेलं असतं, अशा वेळी शिरेतून सीटीचं औषध द्यायचं की नाही यावर फोनाफोनी होते. नाही दिलं तर स्कॅनची निम्मी किंमत जाते. म्हणजे ज्या औषधाचा गुण बघायचाय, तेच औषध बघायची वाट अडवून बसतं.

लसिकाग्रंथी, लोक त्यांना ‘बारीक गाठी’ म्हणतात, त्यांची तर आणखी तऱ्हा. स्कॅनवर आम्ही त्या आकाराने ओळखतो. कटीच्या भागात साधारण आठ मिलिमीटरच्या वर गेली की संशय. पण सात मिलिमीटरच्या ग्रंथीत कॅन्सर असू शकतो आणि बारा मिलिमीटरची नुसत्या सुजेने फुगलेली असू शकते. केमोनंतर मोठ्या होत्या त्या लहान होतात, सगळे खूश होतात. लहान झाली म्हणजे स्वच्छ झाली असं नाही. म्हणून स्कॅन कितीही साफ येवो, सर्जनने ग्रंथी काढण्यात हात आखडता घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आमचे सर्जनही असंच मानतात, त्यामुळे यावर भांडायची वेळ अजून आलेली नाही.

मग पेट स्कॅन का नाही करत, हा पुढचा प्रश्न. नातेवाइकांत एक तरी इंजिनियर पुण्याहून फोनवर हे विचारतोच. पेटमध्ये रेडिओअ‍ॅक्टिव्ह साखर देतात, कॅन्सर ती खातो आणि चमकतो. पण शरीर ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणजे पिशवीच दिव्यासारखी पेटलेली, तिच्या भिंतीवरचा ठिपका कुठून दिसणार? लघवीचं औषध देऊन, पिशवी धुऊन, उशिरा पुन्हा चित्र घेऊन थोडंफार साधतं. ग्रंथी आणि हाडं यांसाठी पेट चांगला. पण तिथेही केमोचा एक खोडसाळपणा आहे. पांढऱ्या पेशी घसरल्या की पोटात सुई टोचून पेशी वाढवायची इंजेक्शनं देतात. त्यांनी हाडांतला मगज जोराने कामाला लागतो, साखर खातो आणि पेटमध्ये अख्खा मणका, कंबर, मांड्यांची हाडं एकसारखी उजळतात. प्लीहासुद्धा. एका पेशंटच्या मुलाने कुठूनतरी आणलेल्या पेटची चित्रं मोबाइलवर पाहिली आणि रात्री मला फोन केला, ‘मॅडम, सगळ्या हाडांत गेलंय.’ गेलं नव्हतं. इंजेक्शन घेऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि ही गोष्ट फॉर्मवर कुणी लिहिलेली नव्हती. फॉर्मवर होतं, ‘नोन केस ऑफ सीए ब्लॅडर.’ म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरचा पेशंट, बस्स. दुर्बीण कधी झाली, शेवटची सायकल कधी, पेशी वाढवायचं इंजेक्शन कधी, या तीन तारखा मिळाल्या तर माझं अर्धं काम होतं. त्या मिळवायला मला जुन्या पिशव्यांतली बिलं उलगडत बसावं लागतं.

आता त्या काकांची गोष्ट, ज्यांना मी पुन्हा बोलावलं होतं. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त. दुसऱ्या स्कॅनमध्ये डाव्या भिंतीला पहिल्या खरवडीच्या जागी थोडी जाडी होती. पाण्याच्या हालचालीच्या चित्रात ती चमकत नव्हती, काळी होती. मी लिहिलं, व्रण असण्याची शक्यता अधिक, उरलेला आजार नाकारता येत नाही. मुलाला ते वाक्य अजिबात आवडलं नाही. ‘तुम्ही दोन्हीकडून बोलताय.’ मी म्हटलं, हो.

ऑपरेशन झालं. आमच्या पॅथॉलॉजिस्टने कापायच्या आधी मला बोलावलं. फॉर्मलिनमध्ये दोन दिवस ठेवलेली पिशवी समोरून उघडून टेबलावर पसरली होती, राखाडी-फिकट, चामड्यासारखी घट्ट. डाव्या बाजूला एक आक्रसलेला पांढरट चट्टा, भोवतीच्या सुरकुत्या त्याच्याकडे ओढल्या गेलेल्या. तिने तो सगळा चट्टा बारीक तुकडे करून तपासाला घेतला, एकही कण न सोडता. काचेखाली दिसले ते तंतू, गंजासारखा जुन्या रक्ताचा रंग, आणि मेलेलं उचलून फुगलेल्या सफाई-पेशी. कॅन्सर नव्हता. रिपोर्टवर ‘वायपीटी-झिरो’ आलं. आधीचा वाय म्हणजे उपचारानंतर तपासलेली, पुढचं शून्य म्हणजे काही उरलं नाही.

डॉक्टरांच्या खोलीत या रिपोर्टला टाळ्या असतात. असा रिपोर्ट आलेल्यांचं पुढचं आयुष्य सगळ्यात चांगलं जातं. घरी मात्र निराळा विचार सुरू होतो. मुलगा आठवड्याने आला आणि त्याने शांतपणे विचारलं, ‘काही नव्हतंच, तर मग काढली कशाला?’

प्रश्न रास्त आहे. यापेक्षा रास्त प्रश्न मला या कामात कुणी विचारलेला नाही. उत्तर एवढंच, की पिशवीत काहीच नाही हे खात्रीने सांगणारी एकच तपासणी आजवर आहे, आणि तिच्यासाठी पिशवी टेबलावर असावी लागते. मी त्याला २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासाची हकिकत सांगितली. त्यात केमोनंतर दुर्बिणीतून सगळं साफ ठरलेल्या ३४ जणांपैकी दहा जणांनी तरीही लगेच पिशवी काढून घेतली. दहांतल्या सहा जणांच्या पिशवीत कॅन्सर होता. आकडा लहान आहे, त्यावरून जगाचा नियम काढू नये. पण त्या सहा जणांपैकी आपले वडील असते तर, एवढा विचार करायला पुरेसा आहे. मुलगा गप्प बसला. पटलं असेल असं नाही.

त्याच काळात उलट केसही झाली. एका बाईंचा एमआरआय इतका साफ होता की मी दोनदा नाव तपासलं. पिशवीत निघाला अस्तरात सपाट पसरलेला कॅन्सर. त्यांच्या नवऱ्याने मला काही विचारलं नाही, आणि मी चुकले असंही मला वाटत नाही, कारण ते दिसण्यासारखं नव्हतंच. पण कंडक्टर काकांच्या मुलाला ही केस सांगता आली असती तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. दुसऱ्याचा रिपोर्ट सांगायचा नसतो.

हवा हळूहळू बदलते आहे. केमोसोबत प्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधं आली आहेत, ती लागू पडतात तेव्हा पिशवी साफ होण्याचं प्रमाण आणखी वाढतं. अमेरिकेतल्या ७६ रुग्णांच्या एका अभ्यासात, तो २०२३ साली छापून आला, औषधांनंतर दुर्बीण, तुकड्यांची तपासणी, लघवीतल्या पेशी आणि एमआरआय असं सगळं मिळून ३३ जण साफ ठरले, आणि त्यातल्या ३२ जणांनी पिशवी न काढता नजरेखाली राहणं पसंत केलं. काहींची नंतर काढावी लागली, पुष्कळांची टिकली. त्या ‘सगळं मिळून’मध्ये माझा एमआरआय हा चौघांतला एक साक्षीदार आहे, निवाडा देणारा नव्हे. त्या जागेवर मला बरं वाटतं. एकट्या स्कॅनवर पिशवी ठेवायची की काढायची ठरवायला मी कुणाला सांगणार नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर दुसरं मत घ्यावं.

आमच्याकडे असे एक आप्पा आहेत, शिरोळकडचे. पोटावर पिशवी लावून रानात कसा जाऊ, हा त्यांचा एकच हट्ट. केमोनंतर दुर्बिणीत काही नाही, घेतलेल्या तुकड्यांत काही नाही, एमआरआयमध्ये काळा व्रण. धोका समजावून सांगितला, सही घेतली, मग रेडिएशन आणि त्यासोबत हलकी केमो, तीही नीट पार पडली. आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण आणि अधूनमधून माझ्याकडे फेरी. दर वेळी मी तोच व्रण मोजते, तेवढाच असतो, आणि मी दर वेळी ‘नाकारता येत नाही’ लिहिते. आप्पांना ते पाठ झालंय. मला बघून आधीच म्हणतात, ‘लिवा, लिवा, न्हाई म्हनता येत न्हाई.’

या खेपेला त्यांनी तारीख पुढे ढकलायला सांगितली. कारखान्याची टोळी येणार होती, ऊस तुटायचा होता, गाडी नंबरात होती. सर्जन फोनवर म्हणाला, ‘टोळी पोरगा बघंल. तुम्ही सोमवारी या.’ बराच वेळ घासाघीस झाली आणि बुधवारवर तोडगा निघाला.